भोयर बाई आणि माझा रफार

शुद्धलेखनाच्या एका चुकीने कोणाचं काय बिघडतं, असं विचारणारे लोक मला अधूनमधून भेटतात. मी वाद घालत नाही. त्यांना आमच्या ले-आउटमधल्या शेवटच्या घरासमोर आणून उभं करतो आणि सांगतो, की बाबा रे, चूक राहू दे, इथे एका शब्दाची दुरुस्ती झाली होती. एका शब्दावर एक रफार चढला आणि या घरातली बाई घर सोडून गेली. ज्याने तो रफार चढवला तो गृहस्थ अजून दोन वेळा व्यवस्थित जेवतो, पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासतो आणि लग्नपत्रिकांतल्या चुका काढून नातेवाइकांची मनं दुखावतो. तो गृहस्थ म्हणजे मी. आणि ती बाई म्हणजे भोयर बाई.

त्यांना सगळे 'बाई' म्हणत, म्हणून मी काटोल सोडून नागपूरच्या या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहायला आलो तेव्हा मला वाटलं, या शिक्षिका असणार. पहिल्याच भेटीत मी हात जोडून विचारलं, "आपण कोणत्या शाळेत होता?"

"मी? गावच्या शाळेत. दहावीलोक," त्या म्हणाल्या. "काहून गा भाऊ?"

बाई महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात आवक क्लार्क होत्या. लोकांचे अर्ज खिडकीतून आत घ्यायचे, त्यांच्यावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ज्या त्या टेबलाकडे पाठवायचे, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर त्या फक्त खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आल्या. दर मंगळवारी साडेदहाला छत्री, रेक्झिनची पिशवी आणि डबा घेऊन निघायच्या; आधी तीस वर्षं जिथे जात होत्या तिथेच जायच्या. पिशवीत अर्जाच्या दोन प्रती, टाचण्यांची डबी आणि जांभळ्या शाईची एक छोटी बाटली असे. खिडकीतला नवा क्लार्क "पॅड वाळलं आहे, उद्या या" म्हणाला, की बाई बाटली काढून पॅडवर चार थेंब सोडायच्या.

"आता दिवाळीलोक नाही वाळत. मार शिक्का."

अर्ज देऊन घरी येऊन बसणाऱ्या माणसांची त्यांना कीव यायची. "अर्ज म्हंजे लेकरू असते," त्या म्हणत. "पैदा करून सोडून देल्लं तं मरते. जाऊन पाहा लागते, जेवलं का, झोपलं का, कोणाच्या टेबलावर पडून रडून राहिलं."

एकदा मी त्यांच्या या पद्धतीला हसलो. म्हटलं, "बाई, आता ॲप आहे. घरबसल्या तक्रार होते." आमच्या घराजवळच्या खांबावरचा दिवा बंद होता. मी ऐटीत तक्रार टाकली आणि दोनच दिवसांत उत्तर आलं, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करण्यात आले आहे.' सोबत खांबाचा फोटो. मी तो मोबाइल नाचवत बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"हा खांब आपला नाही. आपल्या खांबाले नंदनवार काकाच्या पतंगाची शेपटी लटकून हाये."

"असेल, पण दिवा तर लागलाय!"

"फोटो दुपारचा हाये गा. नागपुरात दुपारी कोणता दिवा बंद दिसते?"

त्याच संध्याकाळी मी त्या निराकरण झालेल्या अंधारात पाय घसरून पडलो. दिवा नंतर बाईंनीच लावून आणला, कागदावर.

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. एका अर्जात एकच मागणी. त्या निवृत्त व्हायच्या आधी आमच्या ले-आउटने एक झकास अर्ज दिला होता म्हणे. रस्ता, दिवे, कुत्रे, बगिच्यात बाक, कचरा आणि शेवटी सहज म्हणून, ले-आउटच्या नावाचा फलक. महिन्याभरात फलक लागला आणि फाइलवर शेरा पडला, 'कार्यवाही पूर्ण.' तो फलक अजून आहे. त्याच्यावर 'स्वच्छ परिसर, सुंदर परिसर' असं लिहिलं आहे आणि लोक बरोबर त्याच्या खाली कचरा टाकतात.

"पाच गोष्टी मागितल्या का साहेब त्यातली सोप्पी पाहते," बाई म्हणत. "म्हणून मागायच्या आधी आपसात भांडून घ्या लागते."

आणि आम्ही भांडायचो. वर्षातून एकदा, तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं नागपूर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला जातं आणि दुपारी लेकरं लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात. त्या दुपारी प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी रस्त्यावर असायचंच, हे हेरून बाईंनी तोच मुहूर्त धरला होता. नंदींची रांग लागली, खाऊ वाटून झाला, की त्या आपल्या ओट्यावर स्टीलचे चार डबे मांडायच्या. प्रत्येक डब्यावर एका मागणीची चिठ्ठी. घरटी तुरीचा एक दाणा. ज्या डब्यात जास्त दाणे, त्या मागणीचा अर्ज पुढच्या मंगळवारी जायचा. आणि एक अट. ज्याच्या दारासमोरची अडचण असेल, त्याने त्या डब्यात दाणा टाकायचा नाही.

"आपल्या दारासाठी तं कोणीही भांडते," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याच्या दारासाठी भांडलं का मंग ते वस्ती होते."

मी ज्या वर्षाबद्दल सांगतोय, त्या वर्षी पोळ्याच्या आधी जोराचा पाऊस झाला आणि गडर लाइन उलटली. नागपुरात सांडपाण्याच्या भूमिगत नळाला गडर लाइन म्हणतात. आमची लाइन जुनी, चिनी मातीची, सहा इंची. ले-आउट भरला, घरांवर मजले चढले, पाइप तेवढाच राहिला. बाईंचं घर उताराच्या शेवटी. सव्वीस घरांची घाण त्यांच्या न्हाणीतून वर आली आणि स्वयंपाकघरात गुडघ्याएवढी उभी राहिली. तांदळाची कोठी गेली, गादी गेली, भोयर काकांचा लग्नातला फोटो तेवढा भिंतीवर उंच होता म्हणून वाचला.

त्यांचा मुलगा प्रशांत हैदराबादला असतो. तो दुसऱ्या दिवशीच आला. पँट वर दुमडून त्याने आमच्याबरोबर घर धुतलं आणि मग ओट्यावर बसून, आमच्या सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, आता बस झालं. यापुढे एकदा जरी पाणी घरात आलं ना, तर तू माझ्यासोबत चालशील. कबूल?"

"बरं."

"बरं नाही. कबूल म्हण."

"कबूल," बाई म्हणाल्या. तो गेल्यावर आमच्याकडे वळून हसल्या. "मी हैदराबादले जाऊन काय करू बाप्पा? तिथलं झोन ऑफिस कुठी हाये तेही मले माहीत नाही."

हसल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पुढच्या पावसाळ्याच्या आत लाइन बदलली तर बाई राहणार. नाही बदलली तर जाणार.

आता अशा वेळी सज्जन माणूस काय करील? गडरच्या डब्यात मुकाट्याने आपला दाणा टाकील. मी काय केलं ते ऐका. आमच्या खिडकीसमोर कचऱ्याचा मोठा कंटेनर होता. चार वर्षं मी त्याचा वास खात होतो. मला वाटलं, गडरला सगळेच मत देणार, ती काही हरत नाही. तेव्हा कंटेनरची इज्जत राहण्यापुरते चार दाणे पडले तर कोणाचं काय जातं? नियमाने मला त्या डब्यात एकही दाणा टाकता येत नव्हता. मी मूठभर टाकले.

मोजणी सुरू झाली. गडरला एकोणीस. कुत्र्यांना चार. बाकांना दोन, त्यातला एक नंदनवार काकांचा, कारण संध्याकाळी कुठे टेकायचं हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. मग बाईंनी कंटेनरचा डबा सुपात उपडा केला आणि मोजत राहिल्या.

"सव्वीस घरं," त्या शेवटी म्हणाल्या, "अन् कंटेनरले पंचाऐंशी मतं. लोकशाही लय वाढली बाप्पा."

लोक हसायला लागले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. बाईंनी सूप उन्हात धरलं आणि बोटाने दाणे वेगळे केले.

"मी वाटली ते लाल तूर. हे पांढरी हाये. पांढरी तूर कोणाच्या घरी येते गा?"

सगळ्या ले-आउटला माहीत होतं. आमच्या काटोलच्या शेतातली पांढरी तूर मी दर संक्रांतीला घरोघरी वाटत असे आणि तिच्या वरणाची चव कशी वेगळी असते यावर सगळ्यांना व्याख्यान देत असे. पळवाट शोधत मी बायकोकडे पाहिलं, तर रजनी कपाळाला हात लावून म्हणाली, "मी म्हटलं डब्यातली तूर उतरली कशी! दोन दिवसांपासून उंदराले शिव्या देऊन राहिली मी."

बाईंनी मला सजा सुनावली. "भाऊ, तुमी पुस्तकं तपासता ना? मंग औंदाचा अर्ज तुमी लिहा. चांगला लिहा. जून यायच्या आत लाइन पडली पाह्यजे."

मला ती सजा वाटली नाही, सन्मान वाटला. इथेच घात झाला.

त्याच आठवड्यात बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायला मनाई. त्या खाटेवर बसून सांगत होत्या आणि मी लिहून घेत होतो. त्यांचं वाक्य साधं होतं. 'आमच्या ले-आउटमधली गडर लाइन सहा इंची व जुनी आहे, ती बदलून बारा इंची टाकावी.' मी ते कागद घरी आणले आणि टेबलाशी बसलो. साध्या वाक्याचं मला काय करायचं होतं? मी त्यात 'जीर्णशीर्ण' घातलं. 'नागरिकांच्या जीवितास धोका' घातला. आणि मग माझी नजर 'गडर' या शब्दावर थांबली.

लहानपणापासून हा शब्द मी ऐकत आलो होतो आणि लहानपणापासून माझी अशी ठाम समजूत होती, की मुळात तो 'गर्डर' आहे आणि आमच्या लोकांनी आळसाने त्याचा रफार गिळला आहे. तो 'गटर'चा अपभ्रंश असेल, हे माझ्या विद्वान डोक्यात आलंच नाही. दप्तरी कागदात अशुद्ध शब्द जाणं मला सहन होईना. मी प्रत्येक 'गडर'वर सुबक रफार चढवला. सात ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी बाईंना अर्ज वाचून दाखवला. आता गंमत बघा, वाचताना माझ्या तोंडून जुन्या सवयीने 'गडर'च आलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. "जीर्णशीर्ण जरा जास्त होते, पण राहू दे," म्हणाल्या आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली.

तर 'जीर्णशीर्ण गर्डर लाइन कोसळून नागरिकांच्या जीवितास धोका' असा तो अर्ज खिडकीतून आत गेला आणि क्लार्कने तो सरळ पूल विभागाकडे पाठवला. गर्डर म्हणजे पुलाची तुळई; त्याचं काही चुकलं नाही. मीही तिथेच पाठवला असता.

बाईंच्या डोळ्याची जखम लवकर भरेना, त्यामुळे चौकशीला मी जात होतो. एका मंगळवारी मला सांगण्यात आलं, "फाइल पूल विभागात आहे, चालू आहे." मोठ्या कामांना पूल विभागच लागत असणार, असं मी समजलो आणि घरी येऊन छाती फुगवून सांगितलं, "बाई, फाइल चालू आहे!" कोणत्या विभागात, ते सांगायचं मला सुचलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी पूल विभागाचे एक इंजिनिअर मापाची टेप घेऊन आमच्या ले-आउटमध्ये उतरले. मी दाढी करत होतो. तसाच, अर्ध्या फेसाने, स्वागताला धावलो.

"पूल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पूल?" मी म्हटलं. "इथे पूल नाही."

"मग गर्डर कशाचा?"

मी अभिमानाने जमिनीकडे बोट दाखवलं. "खाली आहे."

इंजिनिअरांनी खाली पाहिलं, माझ्या तोंडावरचा फेस पाहिला आणि दोन पावलं मागे सरकले. नंदनवार काकांनी त्यांना चहा पाजला आणि जवळचा पूल रेल्वेलाइनच्या पलीकडे आहे, हे दिशेसह समजावून सांगितलं. त्यांनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर फाइल ठेवून शेरा लिहिला. तो शेरा मला तोंडपाठ आहे. 'स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी पूल आढळून आला नाही. सबब प्रकरण बंद.'

बाईंची पट्टी तोवर निघाली होती. त्यांनी अर्जाची दुसरी प्रत मागवली आणि उन्हात बसून वाचली. पहिल्या 'गर्डर'वर थांबल्या. दुसऱ्यावर बोट ठेवलं. तिसऱ्यावर त्यांना हसू फुटलं, आणि मग त्या इतक्या हसल्या, की रजनी पाणी घेऊन धावली.

"बह्याडा," त्या म्हणाल्या, "गडरले मुकुट घातला का गा तू?"

त्या क्षणी मी 'तुमी'चा 'तू' झालो. मग हसू ओसरलं आणि बाई बोटांवर मोजायला लागल्या. आता नवा अर्ज. मग पाहणी. मग अंदाजपत्रक. मंजुरी. निविदा. कामाचा आदेश. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली, आणि जूनच्या पुढे जाऊन थांबली. त्यांनी हात पदरात घेतला.

"चाल," म्हणाल्या. "मंगळवार हाये."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. 'शुद्धलेखन' हे माझं नाव झालं. ऑफिसच्या जिन्यात त्या वरूनच हाक मारायच्या, "ए शुद्धलेखन, लवकर चढ गा, साहेब चहाले जाऊन राहिले!" शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना मी याच नावाने माहीत झालो.

तिथे मी जे पाहिलं ते कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही, आणि मी ती पुस्तकं ओळ न ओळ तपासली आहेत. बाई कधी आवाज चढवत नसत. प्रत्येक टेबलाजवळ थांबून त्या आधी माणसाची चौकशी करायच्या, मग कागदाची. शिपायाच्या मुलीचा बारावीचा निकाल त्यांना त्याच्याआधी ठाऊक असे. एकदा माझा संयम सुटला. मलनिस्सारणाच्या कनिष्ठ इंजिनिअरांसमोर मी नागरिकांचे हक्क या विषयावर दहा मिनिटं बोललो, एकही इंग्रजी शब्द न वापरता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर जेवणाची सुट्टी होती.

"बोलला तू चांगला," जिना उतरताना बाई म्हणाल्या. "पण त्याले भाषण कुठं फाइलीत लावता येते?"

मग त्या परत त्याच इंजिनिअरांकडे गेल्या, त्यांच्या टेबलाच्या कडेला बसल्या आणि आपला डबा उघडला. पाटवड्या होत्या. "घ्या साहेब. अन् तो उताराचा नकाशा कोणापाशी अडला, तेवढं सांगून द्या." साहेबांनी पाटवडी खाल्ली, कपाट उघडलं आणि नकाशा त्यांच्याचपाशी निघाला.

बाहेर आल्यावर मी दबक्या आवाजात विचारलं, "बाई, ही लाच नाही का?"

"लाच बंद लिफाफ्यात असते गा. पाटवड्या उघड्या डब्यात होत्या. तूही दोन खाल्ल्या."

असे किती मंगळवार गेले ते मी मोजले नाहीत. उन्हाळा आला. दुपारी बाराला सीताबर्डीच्या स्टॉपवर बस बदलताना डांबर चपलेला चिकटायचं. बाई ओल्या फडक्याने डोकं बांधायच्या आणि मलाही बांधायला लावायच्या; आम्ही दोघं कुठल्या तरी आखाड्यातून सुटून आल्यासारखे दिसायचो. मी रजा घेतो म्हणून प्रकाशक कावले होते. पण मेअखेरीस कामाचा आदेश निघाला. जूनमध्ये बारा इंची पाइप येऊन बाईंच्या दारासमोर रचले गेले. लेकरं त्यांच्यात लपाछपी खेळू लागली. संध्याकाळी बाई बाहेर येऊन एखाद्या पाइपावर हात ठेवून उभ्या राहायच्या. म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा तशा.

त्या वर्षी जूनभर पाऊस रिमझिमच राहिला. आम्ही सगळे मनात म्हणत होतो, पंधरा दिवस दे बाबा, फक्त पंधरा दिवस. पण ठेकेदाराची माणसं पेरणीला गावी गेली होती. पेरणीच्या दिवसांत कोणाला परत बोलावणार? जुलैच्या मध्यात एका बुधवारी दुपारी आभाळ फाटलं. पाच वाजता मी छत्री टाकून बाईंच्या घरी धावलो.

पाणी न्हाणीचा उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात आलं होतं. जास्त नाही, दोन बोटं. सहाच्या सुमारास ते उतरलंही. रजनीने आणि मी फिनाइल टाकून दोनदा फरशी धुतली. सात वाजता त्या घरात येऊन कोणालाही काही कळलं नसतं. बाकी कोणाचं लक्षही नव्हतं. जो तो आपापली गच्ची उपसत होता.

मी दार लोटून घेतलं. "बाई, प्रशांतला सांगायचं काही कारण नाही. पाणी आलंच नाही. पंधरा दिवसांत लाइन पडते."

रजनी म्हणाली, "हो ना वं बाई. कोणाले कळते?"

बाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"शुद्धलेखन, मी खिडकीवर होती तं एक माणूस आला होता. म्हणे बाई, कालची तारीख मारा, मुदत काल संपली. खोटारडा नव्हता. घरी कोणी बिमार होतं म्हणून उशीर झाला होता त्याले. लय हात जोडले. मी नाही मारली. कागद ज्या दिवशी आला, त्या दिवशीचीच तारीख पडते." त्यांनी उशाशी ठेवलेला मोबाइल उचलला. "त्या परक्या माणसाले नाही म्हटलं, अन् आता माझ्या पोराले कालची तारीख मारू का?"

आमच्यासमोरच त्यांनी नंबर लावला.

"हॅलो, प्रशांत? आलं गा पाणी. हाव, आतमंदी. दोन बोटं. तू येजो."

एवढंच. मोबाइल ठेवून त्या रजनीला म्हणाल्या, "चहा मांड वं. तिघांचाही मांड."

मी तिथेच रडकुंडीला आलो. म्हटलं, "बाई, माझ्या त्या रफारापायी झालं हे सगळं. तीन महिने मी घालवले."

"तुझ्या रफारापायी अर्धं," त्या म्हणाल्या, आणि माझी समजूत काढायचा आव त्यांच्या बोलण्यात अजिबात नव्हता, हिशेब तपासून सांगावा तसं सांगत होत्या. "अर्धं माझ्यापायी. तीस वर्षं कागद पाहून घेतले, अन् स्वतःचा कागद ऐकून सही केली. कागद कानानं वाचा लागते का कधी?"

प्रशांत रविवारी आला. तो चांगला मुलगा आहे. त्याने एका शब्दाने बोल लावला नाही. गुरुवारी बाई गेल्या. घराला कुलूप लागलं.

लाइन पडली ती दिवाळीनंतर. पुढचं सांगायचं तर, बाई त्यानंतर एकदाच आल्या. जानेवारीत, घर एका नव्या कुटुंबाला विकून त्याची किल्ली द्यायला. पुढच्या वर्षी हैदराबादहून प्रशांतचा फोन आला, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. मला ती जानेवारीतली दुपार सांगायची आहे.

किल्ली देऊन झाली होती. प्रशांत गाडीत सामान ठेवत होता. बाई म्हणाल्या, "शुद्धलेखन, वरच्या चेंबरचं झाकण उघड. बादलीत नीळ कालव अन् ओत. मी इकडे पाहते."

वरचं चेंबर ले-आउटच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या घराशी. खालचं बाईंच्या जुन्या दारासमोर. मी पहारीने झाकण सरकवलं, कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि बादली हातात घेऊन खाली पाहिलं. लांब, रस्त्याच्या शेवटी, बाईंनी पदर कमरेला खोचला होता आणि गुडघ्यांवर हात ठेवून त्या उघड्या चेंबरमध्ये वाकून पाहत होत्या. शेजारी रजनी त्यांचा दंड धरून उभी. मी बादली ओतली.

बाई वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी मान न उचलता हात वर केला.

"अजून एक!"

मी धावत जाऊन दुसरी भरून आणली. ओतली.

"अजून एक!"

प्रशांतने एकदा हॉर्न वाजवला. बाई हलल्या नाहीत. मला भीती वाटायला लागली. पाणी पोचत नाही की काय? ढाळ चुकला? पाइप कुठे फुटला? इतकं करून ही लाइनही अशीच? मी घामाघूम होऊन तिसरी ओतली, चौथी ओतली. नीळ संपली तसं साधंच पाणी ओतायला लागलो. प्रत्येक वेळी तो हात वर यायचा, आणि त्या बारीक आवाजातली हाक रस्ताभर ऐकू यायची. अशा सात बादल्या झाल्या. मग त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, पदर सोडला आणि गाडीत जाऊन बसल्या. मी बादली टाकून धावत पोचलो, तोवर गाडी वळणावर गेली होती.

"काय झालं?" मी धापा टाकत रजनीला विचारलं. "पोचलं का नाही पाणी?"

"पहिल्याच बादलीले पोचलं," ती म्हणाली. "निळं गर्द."